अहिल्याबाई होळकर : दोन तिजोऱ्या

इंदूर पाहून आलेल्या वाचकांनी तेथील विमानतळावर, विद्यापीठावर व राजवाड्यासमोरील पुतळ्याखाली एकच नाव वाचले असेल. देवळे व घाट बांधणाऱ्या राणी म्हणून अहिल्याबाई सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु हा दानधर्म कोणाच्या पैशाने झाला, याचा विचार फारसा होत नाही. त्या अंगाने त्यांचे चरित्र आपण थोडक्यात पाहू.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. हे गाव पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून घेतले व कारभाराचे शिक्षण दिले.

होळकरांच्या मिळकतीचे दोन भाग होते. एक दौलत; तिच्या वसुलातून फौज व राज्यकारभार चाले. दुसरी खासगी, म्हणजे बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्रपणे दिलेली जहागीर. सासूच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. काशी, सोमनाथ, गया येथील देवळे, घाट, विहिरी, अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. दौलतीचा पैसा रयतेचा व फौजेचा. त्यावर आपल्या पुण्याचा भार घालू नये, अशी त्यांची रीत होती. त्या काळच्या राजेरजवाड्यांत ही रीत विरळाच.

त्यांचे घर मात्र एकामागून एक रिते होत गेले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. त्या सती जाण्यास निघाल्या असता सासऱ्यांनी विनवून मागे फिरविले, असे सांगतात. १७६६ साली मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेला. तेव्हा जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादा फौज घेऊन चालून आले. बाईंनी लढाईची तयारी ठेवली व पेशवे माधवरावांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी महेश्वराहून कारभार पाहिला.

सर्वांत कठीण प्रसंग उतारवयात आला. एकुलती मुलगी मुक्ताबाई हिचा मुलगा वारला आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने परोपरीने विनविले. पण मुलीने ऐकले नाही. नर्मदेच्या काठी ती चिता आईला पाहावी लागली. पुढे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, असे जॉन माल्कम यांनी नोंदविले आहे. जिच्या शब्दाने सारा मुलूख चाले, तिचा शब्द रूढीपुढे चालला नाही. सतीबंदीचा कायदा होण्यास १८२९ साल उजाडावे लागले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई निवर्तल्या. स्वतःच्या पोटचे कोणी मागे उरले नव्हते. उरले ते पाणवठे, घाट आणि चोख हिशेबाची आठवण. सार्वजनिक पैसा ज्यांच्या हाती असतो, त्यांनी मोठ्या बांधकामांहून या दोन तिजोऱ्यांचीच गोष्ट अधिक ध्यानात ठेवावी, असे आम्हांस वाटते. मुलांना ती सांगताना मुक्ताबाईची हकीकतही वगळू नये.