घरातलं दुःख जाणणारे बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आजवर हजारो लेख लिहिले गेले. संविधान, महाडचं तळं, गोलमेज परिषद आपल्या पोरांनाही पाठ आहे. पण घरात मूल दगावलं, बाई बाळंतपणात खचली, कर्ता माणूस रोजगार गेल्यावर गप्प बसला, दारूला लागला, या दुःखाविषयी बाबासाहेबांनी काय केलं, हे आपण फारसं बोलत नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही तेवढंच मांडणार आहोत.

भीमराव हे रामजी आणि भीमाबाई यांचं चौदावं अपत्य. जन्म १४ एप्रिल १८९१, महू छावणीत. पाच-सहा वर्षांचे असतानाच आई गेली. पाठीला बाक असलेल्या मीराआत्यानं पोरांना सांभाळलं. पुढे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. त्यातच चूल, धूर, भांडी आणि बिऱ्हाड. उशाशी जातं, पायथ्याशी शेळी, आणि मध्ये भीमराव झोपायचे. रात्री दोनला वडील उठवायचे, मग दिव्याच्या उजेडात अभ्यास. चाळीत वाढलेल्या आपल्या वाचकांना ही खोली कशी असते, हे समजावून सांगायला नको.

लग्न झालं ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. रमाई दापोलीजवळच्या वणंद गावची, लहानपणीच आईबाप गेलेली. म्हणजे दोन पोरकी लेकरं एका घरात आली. १९१३ साली भीमराव अमेरिकेला गेले, पुढे लंडनला. घर रमाईनं चालवलं. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत या जोडप्यानं बराच काळ संसार केला. पाच मुलं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, चौघं गेली.

राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. तो बापाचा फार लाडका. त्यानंतर महिन्याभरानं बाबासाहेबांनी एका स्नेह्याला पत्र लिहिलं. या धक्क्यातून आपण आणि रमाई सावरू असं वाटत नाही, आयुष्याची चवच गेली, असा त्याचा आशय आहे. एवढा मोठा विद्वान, बॅरिस्टर, पण आपलं मन मोडलंय हे लिहायला तो लाजला नाही. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पुरुषानं रडायचं नाही, बाईनं बोलायचं नाही, अशी रीत आहे.

आता पुढचं बघा. राजरत्न गेल्यानंतर सुमारे आठ महिन्यांनी महाडचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी, १९२७ साली, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात गेले. डिसेंबरात महाडलाच त्यांनी बायांची वेगळी सभा घेतली. पोरांना शाळेत घाला, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असं सांगितलं. घरातला छळ त्यांनी घरातच झाकून ठेवायचा विषय मानला नाही.

जुलै १९२८ मध्ये विधिमंडळात गिरण्या-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचं बिल आलं. मालकांचा विरोध होता. बाबासाहेब बिलाच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचंच हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आम्ही गिरणीतली माणसं. आमच्या आज्या कांडी भरायच्या खात्यात पोट घेऊन उभ्या राहायच्या, हे आम्ही घरात ऐकलंय. त्या बायांना या कायद्यानं पहिल्यांदा विसावा म्हणून काही दिलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकावरून खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली, हा गुन्हा. कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरले, पण असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला विकृत समजू नये ही बाजू त्यांनी मांडली. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. त्यासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहून दिलं. ठराव पडला. चार लेकरं पुरलेल्या बापाला बाळंतपणांमागून बाळंतपणं म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकायला नको होतं.

मधल्या काळात, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. बाबासाहेब कोसळले. आणि साडेचार महिन्यांत, १३ ऑक्टोबरला, येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. पुढे १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं पुस्तक त्यांनी रामूच्या नावानं अर्पण केलं.

जुलै १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्धाच्या काळात, १९४३ साली, खाणीत जमिनीखाली बायांना कामावर घ्यायची बंदी सरकारनं उठवली. खातं त्यांचंच होतं, टीकाही झाली. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली, आणि खाणीतल्या बायांचा बाळंतपणाचा हक्कही वाढवला गेला. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्यांच्याच खात्यानं १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आजारविम्याची योजना आखायला बसवलं. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. ज्याला आपण ईएसआय म्हणतो, ते हेच. लांबलेल्या ज्या आजारांना त्यात जादा मुदतीचा भत्ता मिळतो, त्यांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे मनाचे आजारही आहेत. हे आपल्या कितीजणांना ठाऊक आहे?

पुढे कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल. बाईला घटस्फोट, मुलीला वाटा. ते बिल रखडवलं गेलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यातले तुकडे १९५५-५६ साली कायदे झाले. आज आपल्या बौद्ध लेकींनाही त्यांचाच आधार आहे, कारण ते बौद्धांनाही लागू आहेत.

बंधू-भगिनींनो, या सगळ्यात एक सूत आहे. घरावर दुःख आलं की आपली माणसं म्हणायची, नशिबात होतं. बाबासाहेबांनी दुःख नाकारलं नाही, पण नशीब नाकारलं. या दुःखाला कुठली व्यवस्था कारण आहे आणि कुठली व्यवस्था ते हलकं करील, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी आपल्याला दिलेल्या धम्मातही दुःख आहे आणि त्याचा उपाय आहे, हेच आहे. किसा गोतमीला तथागतांनी अंगारा दिला नाही. मोहरी मागायला घरोघर पाठवलं, आणि आपण एकटे नाही हे तिला कळलं.

आता आपल्या वस्तीकडे बघू. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. किती घरांत कर्ता पुरुष खिडकीशी बसून राहिला, किती जण गुत्त्यात गेले, किती बायांनी धुणीभांडी करून घर ओढलं. त्यांना आळशी, बेवडा, येडी अशी नावं मिळाली. आजार कुणी म्हटलं नाही. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही मन बिघडलं की माणूस अजून बुवाकडे नेला जातो, ही शरमेची गोष्ट आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतल्या उपचारांचा हक्क दिला आहे. जीव द्यायला निघालेल्या माणसाला गुन्हेगार नव्हे, तणावानं पिचलेला मानायचं, असंही तो सांगतो. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. परळच्या केईएममध्ये मनोविकार विभाग आहे, बीआयटी चाळीपासून फार लांब नाही. कायदा कागदावर असतो, तो घरापर्यंत न्यायला माणूस लागतो. वंदनेला सलग दोन रविवार जो दिसला नाही, त्याच्या घरी आपल्यातल्या दोघांनी जावं. उपदेश करू नये, बसावं, ऐकावं, आणि गरज असेल तर डॉक्टरकडे सोबत जावं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांनी मागे ठेवलेलं काम असं घरोघर चालत राहिलं, तर वर्धापनदिन साजरा झाला असं आम्ही समजू.

जयभीम! नमो बुद्धाय!