सहा ठिपक्यांची लिपी

मुलांनो, तुम्ही हा धडा डोळ्यांनी वाचत आहात. ज्यांना दिसत नाही, ती मुले कशी वाचत असतील बरे? ती बोटांनी वाचतात. त्यांना ही लिपी लुई ब्रेल यांनी दिली.

फ्रान्स देशात पॅरिसजवळ कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. त्याचे वडील घोड्यांचे खोगीर व लगाम तयार करत. तीन वर्षांचा लुई एकदा त्यांच्या आरीशी खेळत होता. ती त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली आणि हळूहळू दोन्ही डोळे गेले.

त्या काळी अंध मुलांना सहसा कोणी शाळेत घालत नसे. पण गावच्या गुरुजींनी लुईला डोळस मुलांच्याच वर्गात बसवले. लुई सारे लक्ष देऊन ऐके आणि ध्यानात ठेवी. तो हुशार विद्यार्थी ठरला. मात्र इतर मुले पुस्तक उघडत, तेव्हा त्याला नुसते बसून राहावे लागे. वर्गात त्याला जागा मिळाली होती, पुस्तक मिळाले नव्हते.

१८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तेथे उठावाच्या अक्षरांची पुस्तके होती. ती फार जड होती. एकेक अक्षर चाचपण्यात खूप वेळ जाई. पुढे शार्ल बार्बिए यांनी शाळेला ठिपक्यांची लिपी दाखवली. तिच्या एका खुणेत बारापर्यंत ठिपके असत. ते एका बोटाखाली मावत नसत. लुईने खटपट करून १८२४ साली फक्त सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता! सहा ठिपक्यांच्या ६३ खुणा होतात. त्यांत अक्षरे, अंक, संगीतही लिहिता येते.

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाले. मुलांना ही लिपी आवडली, पण काही डोळस अधिकाऱ्यांनी विरोध केला. ६ जानेवारी १८५२ रोजी लुई वारले. त्यानंतर दोन वर्षांनी शाळेने त्यांची लिपी स्वीकारली. आपल्या देशात १९५१ साली भारती ब्रेल ठरले. आता मराठी आणि उर्दूही बोटांनी वाचता येते.

मुलांनो, तुमच्या वर्गात एखाद्याला कमी दिसत असेल, कमी ऐकू येत असेल, तर त्याला जवळ बसवा. पण तेवढ्यावर थांबू नका. शिकण्यासाठी त्याला आणखी काय हवे, तेही विचारा.