सर हेन्री हॉलंड: क्वेट्ट्याचे नेत्रवैद्य

गरीब मनुष्याची दृष्टी गेली म्हणजे त्याची शेती जाते, धंदा जातो, आणि त्याची काठी धरून चालणाऱ्या नातवाचे बाळपणही जाते. असल्या सहस्रावधि लोकांस पुनः उजेड दाखविणाऱ्या एका वैद्याचे हे अल्प चरित्र आहे.

हेन्री हॉलंड यांचा जन्म इंग्लंडातील डरहॅम येथे १८७५ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते १९०० साली चर्च मिशनरी सोसायटीतर्फे बलुचिस्तानात क्वेट्टा येथील मिशन दवाखान्यात आले. त्या उघड्या, धुळीच्या मुलखात डोळ्यांचे रोगी फार, आणि त्यांची व्यवस्था पाहणारे थोडे, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले.

वृद्धांस बहुधा मोतीबिंदूने अंधत्व येई. या रोगात डोळ्यातील स्वच्छ भिंग गढूळ होते. त्या काळी ते भिंग शस्त्राने काढीत, रोग्यास काही दिवस पट्टी बांधून निश्चल निजवीत, व पुढे जाड काचेचा चष्मा देत. हल्ली त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात.

क्वेट्टा डोंगरात उंचावर असल्यामुळे तेथे हिवाळा कडक असतो. सिंध प्रांतात मात्र तेच दिवस सुखाचे. १९१० च्या सुमारास सिंधमधील शिकारपूरचे धनिक शेठ हिरानंद यांनी तेथे नेत्रचिकित्सेची सोय व्हावी म्हणून खर्चाचा भार उचलला. तेव्हापासून हॉलंडसाहेब दरवर्षी हिवाळ्यात काही आठवडे तेथे जाऊ लागले. दूरदूरच्या गावांहून रोगी आपल्या आप्तांसह येत. ब्रिटन व अमेरिका येथील नेत्रवैद्यही समुद्र ओलांडून स्वेच्छेने साहाय्यास येत, आणि एवढ्या रोग्यांवर काम करून स्वतः पुष्कळ शिकून जात. अशा प्रकारे हिंदू शेठजींचे द्रव्य व ख्रिस्ती वैद्यांचे हात ही एकत्र आली, आणि रोग्याची जात व धर्म न पाहता उपचार झाले.

पुढे भारी परीक्षेचा समय आला. ३१ मे १९३५ रोजी पहाटेपूर्वी भूकंपाने क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले व हजारो लोक प्राणास मुकले. दवाखाना पडला. हॉलंडसाहेब स्वतः ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. त्यांच्या पुत्राने त्यांस बाहेर काढिले. तेव्हा त्यांचे वय ६० वर्षांचे होते. स्वदेशी परत जाण्यास याहून सबळ कारण कोणते असावे? परंतु ते राहिले आणि दवाखाना पुनः उभा केला. १९३६ साली त्यांस सर ही पदवी मिळाली.

१९४८ साली ते सेवानिवृत्त झाले. त्यांचे पुत्र हॅरी व रोनाल्ड हेही वैद्य होऊन त्याच कामी लागले होते. १९६० साली सर हेन्री व रोनाल्ड या पितापुत्रांस मॅगसेसे पारितोषिक देण्यात आले. सर हेन्री १९६५ साली मरण पावले.

वाचकहो, शस्त्र चालविणे सर्वांस साधत नाही. तथापि आंधळा रोगी वैद्यापर्यंत आपण होऊन क्वचितच पोहोचतो. कोणी तरी त्याचा हात धरून त्यास आणावे लागते. आपल्या गावी दृष्टी मंदावलेली एखादी म्हातारी घराच्या कोपऱ्यात बसून असेल, तर हे म्हातारपणच आहे असे म्हणून तिला तशीच सोडू नये. तिला दवाखान्यात नेणे हे काम आपल्यापैकी कोणासही करता येण्याजोगे आहे.