क्रोलंडचा गुथलॅक : संतचरित्र आणि भूमी

सातव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड हे एकसंध राज्य नव्हते. अँग्लो-सॅक्सन राजकुळांची अनेक राज्ये तेथे परस्परांशी झगडत होती. त्यांपैकी मर्सिया या मध्यवर्ती राज्याच्या राजघराण्याशी रक्ताचे नाते असलेल्या कुळात, इ. स. ६७४ च्या सुमारास, गुथलॅकचा जन्म झाला. त्याच्या आयुष्याविषयी जे ज्ञात आहे ते बहुतांशी फेलिक्स या भिक्षूने लिहिलेल्या लॅटिन चरित्रातून येते. गुथलॅकच्या मृत्यूनंतर दोन-तीन दशकांतच, पूर्व अँग्लियाचा राजा एल्फवाल्ड याच्यासाठी ते रचले गेले. इजिप्तच्या वाळवंटातील संत अँथनी आणि उत्तर इंग्लंडमधील संत कथबर्ट यांची चरित्रे फेलिक्सपुढे आदर्श म्हणून होती व त्यांतील शब्दकळाही त्याने मोकळेपणाने उचलली आहे. त्यामुळे या चरित्रातील प्रत्यक्ष माणूस शोधावयाचा तर साच्यात न बसणाऱ्या तपशिलांकडेच वळावे लागते.

असे तपशील आरंभापासूनच भेटतात. पंधराव्या वर्षी गुथलॅकने शस्त्र हाती घेतले आणि साथीदारांची टोळी जमवून नऊ वर्षे गावे जाळली, लुटली. लुटीचा तिसरा हिस्सा तो मूळ मालकांना परत करीत असे, हे फेलिक्स कौतुकाने सांगतो. ज्यांची घरे जळाली त्यांना या औदार्याविषयी काय वाटले असेल, याचा विचार मात्र तो करीत नाही. चोविसाव्या वर्षी एका रात्री आपल्या वंशातील राजांचे दारुण अंत गुथलॅकच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि त्याने शस्त्र टाकले. एल्फथ्रिथ या मठाधिकारिणीच्या अधिकाराखालील रेप्टनच्या मठात त्याने दोन वर्षे काढली. तेथे त्याने मद्य वर्ज्य केले, तेव्हा सहभिक्षूंनी प्रथम त्याचा द्वेषच केला.

केंब्रिजच्या उत्तरेस त्या काळी फेन नावाचा अफाट दलदलीचा प्रदेश होता. काळे पाणी, बोरूची बेटे आणि धुके यांनी भरलेल्या या भूमीत वस्ती टिकत नसे. इ. स. ६९९ च्या सुमारास, संत बर्थलमयच्या सणाच्या दिवशी, टॅटविन नावाच्या स्थानिकाने गुथलॅकला मासेमारीच्या होडीतून क्रोलंडच्या बेटावर आणले. तेथे प्राचीन दफनाचा एक मातीचा उंचवटा होता आणि धनाच्या लोभाने तो पूर्वीच कोणीतरी फोडलेला होता. त्या खड्ड्यावर गुथलॅकने आपली झोपडी उभारली. एकेकाळचा लुटारू लुटलेल्या थडग्यात राहावयास आला, हा योग चरित्रकाराच्या नजरेतून कसा निसटला याचे नवल वाटते.

अंगावर कातडे आणि सूर्यास्तानंतर जवाची भाकरी व गढूळ पाणी, असा त्याचा क्रम होता. सैतानी शक्तींनी त्याला छळल्याचे जे प्रसंग येतात त्यांपैकी बरेच अँथनीच्या चरित्रातील वळणाचे आहेत. परंतु एका रात्री चालून आलेले भुतांचे सैन्य ब्रिटनांची भाषा बोलते, हा तपशील अस्सल स्थानिक आहे. गुथलॅक पूर्वी त्या लोकांत निर्वासित म्हणून राहिला होता, म्हणून त्याला ती भाषा कळली. सीमेवर ज्यांच्याशी मर्सियाच्या लढाया होत तेच शत्रू येथे भुतांच्या रूपाने झोपडीत शिरतात. सैनिकाची झोप संतालाही सुटली नव्हती, असा याचा अर्थ लावता येईल.

राजा केओलरेडच्या भयाने परागंदा झालेला राजवंशीय एथेलबाल्ड त्याच्याकडे येत असे आणि गुथलॅकने त्याला राज्यप्राप्तीचे आश्वासन दिले होते. ११ एप्रिल ७१४ रोजी गुथलॅकचा मृत्यू झाला. परलोकीच भेटावे म्हणून ज्या बहिणीचे दर्शन त्याने हयातीत टाळले, त्या पेगानेच त्याला मूठमाती दिली. वर्षभराने थडगे उघडले असता देह अविकृत आढळला, असे फेलिक्स लिहितो. ७१६ मध्ये एथेलबाल्ड मर्सियाचा राजा झाला आणि त्याने ही समाधी सुशोभित केली. पुढे याच राजाला धर्मप्रसारक बोनिफेसने, मठांची संपत्ती बळकावल्याबद्दल आणि जोगिणींशी केलेल्या दुर्वर्तनाबद्दल, पत्राने कठोर शब्दांत फटकारले.

फेलिक्सच्या चरित्रात क्रोलंडच्या मठाचा उल्लेख नाही. एथेलबाल्डने ७१६ मध्ये मठ स्थापून विस्तीर्ण भूमी दान दिली, ही कथा मठाने मध्ययुगात रचलेल्या बनावट दानपत्रांवर उभी आहे. शेजारच्या स्पॉल्डिंगच्या लोकांशी दलदलीतील कुरणांवरून मठाचे दीर्घकाळ तंटे चालले होते. अशा वेळी संताच्या नावाचा जुना दाखला जवळ असणे सोयीचे होते. सुमारे १२०० च्या गुथलॅक-पटात अठरा वर्तुळाकार चित्रे आहेत. शेवटच्या चित्रात संताच्या समाधीपुढे दाते आपली दानपत्रे घेऊन दाटीने उभे आहेत. ज्याने राजवंशाचा वाटा सोडून चिखलातील एक खड्डा पत्करला, तो अशा रीतीने शेकडो एकरांचा साक्षीदार ठरला.

लोकांची भक्ती मात्र वेगळ्या वस्तूंना चिकटून राहिली. भुतांना पळवून लावण्यासाठी बर्थलमयने गुथलॅकला चाबूक दिला अशी श्रद्धा होती. बर्थलमयची कातडी जिवंतपणी सोलली गेली, या कथेवरून त्याच्या सणाला मठात येणाऱ्यांस लहान सुऱ्या वाटल्या जात. ही प्रथा पंधराव्या शतकात खर्चापायी बंद झाली, तरी मठाच्या चिन्हात चाबूक आणि सुऱ्या राहिल्या. १५३९ मध्ये मठच विसर्जित झाला. सतराव्या शतकापासून फेनचे पाणी उपसले गेले आणि बेट शेतांमध्ये विरून गेले. मठाच्या भग्न वास्तूची उत्तरेकडील पडवी आजही गावाचे प्रार्थनामंदिर आहे. जवळच्या पीकर्क गावाने पेगाचे नाव धारण केले आहे.

क्रोलंडजवळच्या, परंपरेने गुथलॅकची जागा मानल्या गेलेल्या शेतातील उत्खननाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे गुथलॅकच्या कित्येक शतके आधीचे, प्रागैतिहासिक काळातील एक मोठे वर्तुळाकार स्मारक आणि बाराव्या शतकात मठाने बांधलेले सभागृह व प्रार्थनामंदिर यांचे अवशेष मिळाले. त्याच्या झोपडीची निर्विवाद खूण सापडली नाही.