फ्रीडलबाईंच्या दोन पेट्या

शाळेतला चित्रकलेचा तास म्हटला, की मराठी शाळेत शिकलेल्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. दोन डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, खाली वाहणारी नदी आणि काठावर एक झोपडी. बाईंनी फळ्यावर काढायचे आणि मुलांनी ते वहीत उतरवायचे. ज्याचे हुबेहूब जमले त्याला शाबासकी, ज्याचे बिघडले त्याने रबराने खोडून पुन्हा काढायचे.

यापेक्षा अगदी वेगळ्या रीतीने लहान मुलांना चित्रकला शिकवणारी एक यहुदी शिक्षिका होऊन गेली. आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत तिने शिकवले ते शाळेत नव्हे, नाझींच्या कैदेत. तिचे नाव फ्रीडल डिकर-ब्रांडाइस.

फ्रीडलचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी व्हिएन्ना शहरात झाला. आई-वडिलांनी ठेवलेले नाव फ्रीडरिके. ती चार वर्षांची असताना आई वारली. वडील सायमन डिकर कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीला होते. घरची परिस्थिती बेताची होती, पण वडिलांच्या दुकानामुळे कागद, रंग आणि पेन्सिली यांची ओळख तिला लहानपणीच झाली.

शाळा संपल्यावर ती आधी छायाचित्रण शिकली आणि नंतर व्हिएन्नाच्या कलाशाळेत गेली. तिथे फ्रान्झ चिझेक नावाचे शिक्षक होते. त्यांनी १८९७ सालीच खास मुलांसाठी कलावर्ग सुरू केला होता. मोठ्यांची चित्रे मुलांकडून गिरवून घेऊ नयेत, मुलांच्या मनातले आपोआप बाहेर येऊ द्यावे, असा त्यांचा आग्रह असे. त्या काळी ही मोठी नवी गोष्ट होती. पुढे फ्रीडल योहानेस इटेन यांच्या व्हिएन्नातल्या खासगी कलाशाळेत शिकू लागली. इटेन हे मूळचे स्वित्झर्लंडमधले प्राथमिक शिक्षक. चित्र काढण्याआधी ते विद्यार्थ्यांना उभे करून श्वासाचे आणि हातापायांचे व्यायाम करायला लावत. अंग मोकळे झाले, की रेघही मोकळी होते, असे ते मानत.

१९१९ साली जर्मनीत वायमार या गावी वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस ही कलाशाळा काढली. चित्रकार, सुतार, विणकर आणि इमारत बांधणारे यांनी एकत्र शिकावे, हा तिचा हेतू होता. इटेन तिथे शिकवायला गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे काही विद्यार्थीही गेले. त्यांत फ्रीडल होती. चार वर्षे ती तिथे शिकली. पाउल क्ले यांच्यासारख्या थोर चित्रकाराचे मार्गदर्शन तिला मिळाले. विणकाम, छपाई, पुस्तकांची बांधणी आणि अक्षरांची रचना, सगळे तिने हाताने करून पाहिले. इतक्या लहान वयात तिने नव्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे कामही केले.

पुढे व्हिएन्नाला परतून त्यांनी सहाध्यायी फ्रान्झ सिंगर यांच्याबरोबर कामाचे दालन उघडले. घरे, दुकाने, खुर्च्या, टेबले आणि कापड यांची आखणी दोघे मिळून करत. छोट्या घरात मावेल, दिवसा एका कामाला आणि रात्री दुसऱ्या कामाला येईल, असे त्यांचे सामान असे. १९३०च्या सुमारास व्हिएन्नातल्या गोएथेहोफ या कामगार वसाहतीतल्या माँटेसोरी बालवाडीचे सामान त्यांनी तयार केले. मुलांच्या उंचीच्या खुर्च्या, मुलांच्या हाताला पोचतील अशी फडताळे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ज्या माँटेसोरीबाईंच्या विचारांतून बालवाडीचे काम उभे केले, त्याच विचारांची ही बालवाडी होती. मूल लहान असले, तरी त्याला स्वतःचे काम स्वतः करू द्यावे, हा तो विचार. त्यानंतर फ्रीडल बालवाडीच्या शिक्षिकांना चित्रकला शिकवू लागल्या आणि इथून त्यांच्या आयुष्याला शिक्षकी वळण लागले.

१९३४ साली ऑस्ट्रियात हुकूमशाही राजवट आली. फ्रीडल डाव्या चळवळीत होत्या. त्यांना अटक झाली आणि चौकशीला तोंड द्यावे लागले. सुटका होताच त्या प्राग शहरी गेल्या. हिटलरच्या जाचाला कंटाळून जर्मनीतून आणि ऑस्ट्रियातून पळून आलेली कितीतरी कुटुंबे तिथे आसऱ्याला होती. त्यांच्या मुलांना फ्रीडल चित्रकला शिकवू लागल्या. घर सुटलेले, भाषा बदललेली, आई-वडील काळजीत, अशी ती मुले. कागदावर रंग लावताना ती थोडी मोकळी होतात, हे फ्रीडलबाईंनी पाहिले. एडिथ क्रेमर ही त्यांची तरुण विद्यार्थिनी या कामात त्यांच्या मदतीला असे. पुढे अमेरिकेत जाऊन चित्रकलेतून मनावर उपचार करण्याचे शास्त्र उभे करण्यात तिने मोठा वाटा उचलला. आज ते जगभर शिकवले जाते.

प्रागमध्येच १९३६ साली फ्रीडल यांनी आपले मावसभाऊ पावेल ब्रांडाइस यांच्याशी लग्न केले. त्यांना मूलबाळ झाले नाही. १९३८ साली दोघे ह्रोनोव या लहान गावी राहायला गेले. त्याच सुमारास फ्रीडल यांना पॅलेस्टाईनला, म्हणजे आजच्या इस्रायलला जाण्याचा परवाना मिळत होता. पण पावेलला तो नव्हता. नवऱ्याला मागे टाकून त्या निघाल्या नाहीत.

थोड्याच महिन्यांत नाझींनी तो देश गिळला. यहुद्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि घरे गेली. डिसेंबर १९४२मध्ये फ्रीडल आणि पावेल यांना तेरेझीनला जाण्याचा हुकूम आला. माणशी ५० किलो सामान नेण्याची परवानगी होती. हिवाळ्याचे दिवस होते. इतर लोक गरम कपडे, भांडी आणि खाण्याचे जिन्नस बांधत होते. फ्रीडलबाईंनी आपल्या सामानात कागद, रंग आणि पेन्सिली भरल्या. चादरीसुद्धा रंगवून घेतल्या, म्हणजे मुलांनी नाटक केले तर पडदे म्हणून उपयोगी पडतील. तिथे मुले असतील आणि त्यांना शिकवावे लागेल, हे त्यांनी आधीच धरले होते.

तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर असलेले जुने तटबंदीचे गाव. नाझींनी तिथल्या रहिवाशांना बाहेर काढून १९४१च्या अखेरीपासून यहुद्यांना कोंडायला सुरुवात केली. काही हजारांच्या गावात पन्नास हजारांहून जास्त माणसे दाटीवाटीने राहू लागली. भूक, उवा आणि आजार यांनी रोज माणसे मरत. आणि मधूनमधून पूर्वेकडे आगगाडी सुटे. त्या गाडीत कोणाचे नाव येईल, याची धास्ती प्रत्येकाला असे.

तिथल्या यहुदी पंचांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. मुलांना थोडे बरे दिवस मिळावेत म्हणून त्यांनी मुलांसाठी वेगळी घरे ठरवली. तिथे मोठी माणसे त्यांची देखभाल करत. शाळा भरवायला नाझींची बंदी होती. गाणी आणि हस्तकला तेवढी चालत असे. या पडद्याआड गणित, इतिहास आणि हिब्रूही लपूनछपून शिकवले जाई. एका मुलाने दाराशी पहारा ठेवायचा, बाकीच्यांनी शिकायचे.

'एल ४१०' या क्रमांकाच्या मुलींच्या घरात फ्रीडलबाई राहू लागल्या आणि तिथे त्यांचे वर्ग सुरू झाले. आणलेला कागद कितीसा पुरणार? मग कचेऱ्यांतले वापरलेले फॉर्म, पुड्यांचे कागद, पुठ्ठे, जे हाती येईल ते गोळा होऊ लागले. फॉर्मच्या एका बाजूला नाझी राजवटीची छापील रकाने आणि पाठच्या बाजूला मुलाचे फुलपाखरू, अशी चित्रे आजही पाहायला मिळतात. रंग संपले, तर रंगीत कागदाचे तुकडे कापून चिकटवायचे.

त्यांचा तास कसा चाले? आधी हात मोकळा करायचा. बाई तोंडाने ताल सांगत आणि मुली त्या तालावर रेघा ओढत. कधी जोरात, कधी हलके, कधी वर, कधी गोल. इटेन यांच्याकडे शिकलेले असे इथे कामाला आले. कधी बाई गोष्ट सांगत आणि मुलींनी त्यातल्या वस्तू ऐकताऐकता काढायच्या. कधी समोर एखादा पेला किंवा फुलांचे भांडे ठेवत. उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते, हे नीट पाहून मगच पेन्सिल हातात घ्यायची. जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती त्या दाखवत. मुलांनी त्यांची नक्कल करायची नसे. त्या चित्रात काय कुठे बसवले आहे, एवढे ओळखून ते रंगीत कागदांच्या तुकड्यांतून मांडायचे असे. साहित्य थोडे म्हणून ते सगळ्यांत वाटून वापरायचे, ही शिस्त असे.

फळ्यावर काढून द्यायची पद्धत मात्र नव्हती. कोणाचे चित्र चांगले, कोणाचे वाईट, अशी तुलनाही नव्हती. जुलै १९४३मध्ये त्यांनी मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले आणि शिक्षकांपुढे भाषणही केले. सगळ्या मुलांना चित्रकार करणे, हा चित्रकलेच्या तासाचा हेतू नाही, असे त्यांनी मांडले. मुलाने स्वतः पाहावे, स्वतः ठरवावे, त्याची कल्पना आणि निरीक्षण वाढावे, यासाठी हा तास आहे. मोठ्यांनी घाईने चुका काढल्या आणि आपली वाट मुलावर लादली, तर मूल आपली वाट विसरते. हे विचार एखाद्या शांत गावातल्या शिक्षण परिषदेत मांडले असते, तरी ते मोलाचे ठरले असते. इथे तर ऐकणारे उपाशी होते आणि उद्या गाडी कोणाला नेईल, याची कोणालाच खात्री नव्हती.

मुलांनी काय काढले? घर, बाग, डोंगर, फुले, प्राणी, सेदरच्या रात्री टेबलाभोवती बसलेली माणसे. काहींनी समोर दिसणारेही काढले. एकावर एक खाटा, जेवणाच्या रांगा, पहारेकरी. बाईंनी विषयाची सक्ती केली नाही.

एका गोष्टीचा मात्र त्या आग्रह धरत. चित्र पुरे झाले, की त्यावर मुलाने आपले नाव लिहायचे. बहुतेक चित्रांवर नावाबरोबर वय किंवा खोलीचा क्रमांकही आहे. तेरेझीनला येणाऱ्या प्रत्येकाला आगगाडीच्या यादीतला क्रमांक मिळे आणि कारभार त्या क्रमांकावर चाले. फ्रीडलबाईंच्या वर्गात मूल आपल्या नावाने ओळखले जाई. हे चित्र माझे आहे, हे मी केले आहे, असे त्याने स्वतःच्या हाताने लिहायचे.

सप्टेंबर १९४४च्या अखेरीस पावेल ब्रांडाइस यांना ऑश्विट्झच्या गाडीत बसवण्यात आले. फ्रीडल यांनी पुढच्या गाडीसाठी स्वतःहून नाव दिले. गाडी कुठे जाते हे त्यांना ठाऊक नव्हते. नवऱ्यामागे जायचे, एवढेच त्यांनी ठरवले. निघण्याआधी त्यांनी मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून मुलींच्या घरात मागे ठेवली. ६ ऑक्टोबरला गाडी सुटली. त्याच गाडीत त्यांच्या काही विद्यार्थिनीही होत्या. ९ ऑक्टोबर १९४४ रोजी ऑश्विट्झ-बिर्केनाऊ येथे फ्रीडलबाईंना मारण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय ४६ वर्षांचे होते. पावेल मात्र वाचले. सुतारकामाच्या जोरावर ते तगले आणि युद्ध संपल्यावर परत आले.

युद्ध संपल्यावर मुलींच्या घराचे प्रमुख विली ग्रोआग यांनी त्या दोन पेट्या प्रागच्या यहुदी समाजाकडे पोचवल्या. आत सुमारे साडेचार हजार चित्रे होती. पुढे ग्रोआग इस्रायलमध्ये येऊन किबुत्झमध्ये राहिले. चित्रे आज प्रागच्या यहुदी संग्रहालयात आहेत. त्यांतली काही तिथल्या जुन्या पिंकास सिनेगॉगमध्ये मांडली आहेत. त्याच सिनेगॉगच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या सुमारे ८०,००० यहुद्यांची नावे हाताने लिहिलेली आहेत. चित्र काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक परत आली नाहीत. तरी संशोधकांना एकेका चित्रावरचे नाव यादीत शोधून, हे चित्र कोणाचे, ते मूल कधी जन्मले आणि त्याचे काय झाले, हे सांगता आले. मुलांनी नावे लिहिली नसती, तर ही साडेचार हजार चित्रे बेवारस राहिली असती.

याद वाशेम या नावाचा अर्थ स्मारक आणि नाव असा आहे. इस्रायलमध्ये गिव्हत हाइम किबुत्झमध्ये बेत तेरेझीन हे स्मारकगृह आहे. तेरेझीनमधून वाचलेल्यांनी ते १९७५ साली उभारले. योम हाशोआच्या सुमारास मुलांना घेऊन जाण्यासारखी ही जागा आहे.

फ्रीडलबाईंच्या नावे मोठे पद नव्हते, मोठी इमारतही नव्हती. त्यांनी मुलांना कागद दिला, नीट पाहायला शिकवले आणि चित्राखाली नाव लिहायला लावले. घरातल्या लहान मुलाने वेडेवाकडे का होईना, चित्र काढून आणले, की डोंगर असा नसतो, सूर्य तसा नसतो, असे सांगण्याआधी एवढे करावे. पेन्सिल त्याच्या हाती द्यावी आणि कोपऱ्यात त्याला आपले नाव लिहू द्यावे, हिब्रूत लिहिता येत असेल तर हिब्रूत आणि मराठीत येत असेल तर मराठीत. आणि तो कागद जपून ठेवावा.