आनंदीबाईंचं ताट

गेल्या श्रावणात आमच्या महिला मंडळाने वाशिंदमध्ये कॉलेजच्या मुलींसाठी रक्ततपासणीचं छोटंसं शिबिर घेतलं. एक डॉक्टरीणबाई, एक लॅबवाले, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि मदतीला आम्ही चौघीजणी. आलेल्या मुली बहुतेक रोज लोकलने कल्याणला कॉलेजला जाणाऱ्या. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव आणि संध्याकाळी घरी आल्यावर काय असेल ते. बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली निघालं. एकीचं तर जेमतेम आठ! बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली हुशार मुलगी. स्टेशनचा पूल चढताना धाप लागते, डोकं दुखतं, हे तिने घरी कधी सांगितलंच नव्हतं. अभ्यासाचा ताण असेल, असं तिला वाटायचं.

त्या रात्री मला सारखी आठवण येत होती ती आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींची. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना भेटलो ते अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री म्हणून. त्यांची जिद्द आपल्याला पाठ असते. त्यांच्या तब्येतीबद्दल मात्र आपण एका ओळीत बोलून मोकळ्या होतो. म्हणून आज त्यांची गोष्ट मी जरा वेगळ्या बाजूने सांगणार आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, आणि माहेर कल्याणच्या जोश्यांचं. नवव्या वर्षी लग्न झालं ते गोपाळराव जोशांशी. ते पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. त्या काळात बायका शिकल्या तर लोक नावं ठेवत, इथे तर अभ्यास चुकला म्हणून या पोरीला मार बसे. गोपाळरावांनी तिला शिकवलं हे खरं, आणि तिला त्यांचा जाच झाला हेही खरं.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. चौदावं वर्ष म्हणजे आपल्याकडे आठवी-नववीतली पोर. तिच्या स्वतःच्या अंगाची वाढ पुरी झालेली नाही, आणि त्यात बाळंतपण! बाळ दहाच दिवस जगलं. वेळेवर डॉक्टरी उपचार मिळाले असते तर ते वाचलं असतं, ही सल त्यांच्या मनात राहिली आणि त्यातूनच डॉक्टर व्हायचा निश्चय झाला. बायकांना पुरुष डॉक्टरांपुढे दुखणं सांगायचा संकोच वाटतो, म्हणून बाई डॉक्टर हवी, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून पटलं होतं.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. ते न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर बाईंच्या वाचनात आलं आणि त्यांनी आपणहून आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशीच मानू लागल्या. या काळात, म्हणजे अमेरिकेला जायच्याही आधी, आनंदीबाईंना अशक्तपणा होता. सतत डोकं दुखे, मधूनच ताप येई, कधी धाप लागे. मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली, पण गुण आला नाही.

मैत्रिणींनो, ही यादी वाचली आणि मला आमच्या शिबिरातल्या मुली डोळ्यांपुढे आल्या. मी काही डॉक्टर नाही, सव्वाशे वर्षांहून जुन्या दुखण्याचं निदान मला करायचं नाही. पण अठरा वर्षांची मुलगी सारखी दमलेली असते आणि सगळं घर तिच्या अभ्यासाचंच बोलत राहतं, हे चित्र मला फार ओळखीचं वाटलं.

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. नवरा बरोबर नव्हता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. अंगावर साडी आणि जेवण शाकाहारी, हे त्यांनी तिथेही सोडलं नाही. पण तिथली कडाक्याची थंडी, परका आहार आणि डोंगराएवढा अभ्यास! राहायच्या खोलीतली शेगडी पेटवली की धूर कोंडे, विझवली की अंग गारठे. अशात तब्येत ढासळत गेली आणि क्षयाने गाठलं.

तरीही ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. पदवीच्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. आपलं बाळ गमावलेल्या मुलीने दुसऱ्या आयांसाठी केलेला तो अभ्यास होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट बघत होती. वर्षअखेरीला त्या मायदेशी परतल्या त्या आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरची ती जबाबदारी त्यांना सांभाळायला मिळालीच नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे गेल्या, आणि आजही न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे.

क्षयाचे जंतू १८८२ मध्ये सापडले होते, पण त्यावरचं पहिलं खरं औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे तेव्हा शरीराची ताकद हाच काय तो आधार. कमी पोसलेल्या शरीरात क्षय लवकर जोर धरतो, हे आज डॉक्टर सांगतात. आनंदीबाईंच्या मृत्यूला आपण त्याग म्हणतो. मला तो तोटा वाटतो. बुद्धी होती, पदवी होती, नोकरी होती, आणि शरीर उरलं नव्हतं.

आज औषधं आहेत, तपासण्या आहेत. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. देशात १५ ते १९ च्या मुलींमध्ये तर हे प्रमाण ५९ टक्के आहे. शाळेत असताना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. शाळा सुटली की ती सवयही सुटते. मुलगी कॉलेजात गेली की तिच्या खाण्याकडे बघायला कुणी नसतं. त्यातून बारीक दिसायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडणाऱ्याही आहेत. आणि वजनावर जाऊ नका! शिबिरात एक अंगाने चांगली भरलेली मुलगी होती, तिचंही हिमोग्लोबिन कमीच निघालं. वडापाव, चिप्सने वजन वाढतं, रक्त वाढत नाही.

उपाय आपल्या स्वयंपाकघराजवळच आहेत. मेथी, चवळी, माठ, मोड आलेली कडधान्यं, अळीव, खारे शेंगदाणे, चालत असेल तर सुकट, अंडी, मटण. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर किंवा जेवल्या-जेवल्या चहा मात्र नको, तो लोह अडवतो. पण हिमोग्लोबिन फार कमी असेल तर नुसत्या खाण्याने भागत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्याच लागतात. गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याला घाबरून बंद करू नका. आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर पाळीत रक्त जास्त जातं का, जंत आहेत का, सिकलसेल आहे का, हे तपासून घ्यायला हवं.

आमच्या त्या आठवालीला डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहा झालं. आता ती सकाळी भाकरी-भाजीचा डबा घेऊन निघते. तिच्या आईलाही आम्ही तपासायला लावलं, तर तिचं मुलीपेक्षाही कमी! सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल त्यात भागवायची सवय, दुसरं काय.

शिक्षणाचा खर्च आपण फी, पुस्तकं आणि रेल्वेच्या पासात मोजतो. मुलीचं ताट त्यात धरत नाही. उद्या तुमची लेक निघाली की पास घेतलास का, हे विचाराल तसं डबा घेतलास का, हेही विचारा. आणि रात्री तिच्या शेजारीच आपलंही पान वाढून घ्या.