चार खेचरं आणि एक ट्राम

थर्ड इयरच्या वायव्हात एक्स्टर्नल सरांनी मला एक साधा प्रश्न विचारला. लोकलमध्ये मोटरी वेगवेगळ्या डब्यांखाली असतात आणि मोटरमन एकटाच पुढे बसतो, मग सगळ्या मोटरी एकदम कशा चालू होतात? मी ठोकून दिलं, की प्रत्येक मोटरच्या डब्यात एकेक माणूस बसत असावा. सर पोटभर हसले आणि जाताना एक नाव सांगून गेले : फ्रँक स्प्रेग. मार्क किती पडले ते विचारू नका, पण हा माणूस मात्र डोक्यातून जाईना.

स्प्रेगचा जन्म १८५७ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. लष्करी अकादमीच्या परीक्षेला म्हणून गेला आणि परीक्षा निघाली नौदलाची! (आपल्यापैकी किती जण असेच या ब्रँचला आलेत, हात वर करा.) १८७८ साली तो तिथून पदवीधर झाला. १८८२ मध्ये विजेच्या प्रदर्शनासाठी लंडनला गेला असताना त्याने तिथल्या भुयारी रेल्वेतून प्रवास केला. इंजिनं वाफेची, बोगद्यात धूरच धूर. इथे वीज का नाही, हा किडा तेव्हाच डोक्यात शिरला. पुढच्या वर्षी नौदल सोडून तो एडिसनकडे लागला. पण एडिसनला दिव्यांत रस आणि याला मोटरींत. वर्षभरातच बाहेर पडून त्याने स्वतःची कंपनी काढली.

आता खरी गोष्ट. १८८७ साली व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराच्या विजेच्या ट्रामचं काम त्याने घेतलं. १२ मैलांचा मार्ग, ४० गाड्या, मुदत ९० दिवस! पैसे १,१०,००० डॉलर, पण गाड्या नीट चालल्या तरच. सही केली तेव्हा हातात जवळजवळ काहीच तयार नव्हतं. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उघडतो, तसलाच प्रकार. त्यात त्याला टायफॉईड झाला. बरा होऊन बघतो तर रूळ वेडेवाकडे टाकलेले आणि काही चढ तर जवळजवळ १० टक्क्यांचे. एवढ्या चढावर घोडे-खेचरंही थकत.

गाडी चढेल का, हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. म्हणून एका रात्री स्वतःच चालवून बघितली. गाडी चढली, पण वर पोचल्यावर मोटर तापून बसली. भोवती ही गर्दी! मोटर जळाली हे लोकांना कळलं तर कंपनी संपली. स्प्रेगने सहकाऱ्याला मोठ्याने सांगितलं, की काही उपकरणं लागतील, घेऊन ये. मग दिवे घालवून सीटवर आडवा झाला आणि लोक पांगायची वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने ती उपकरणं आली : चार दणकट खेचरं. त्यांनी ट्राम ओढत परत नेली. ज्यांची नोकरी घालवायला ट्राम आली होती, त्यांनीच त्या रात्री तिची अब्रू राखली.

मुदत केव्हाच उलटली आणि कंत्राटात त्याला भरपूर खोट आली. तरी फेब्रुवारी १८८८ मध्ये रिचमंडला ट्राम धावली. त्याने मोटर एका बाजूने आसावर आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगवर टेकवली होती, त्यामुळे खडबडीत रुळांवरही दात्यांची पकड सुटत नसे. आपल्या कितीतरी इंजिनांत मोटर अजून याच पद्धतीने बसवलेली असते. त्याच उन्हाळ्यात बॉस्टनचे ट्रामवाले बघायला आले. एकाच ठिकाणी खूप गाड्या अडकल्या तर वीज पुरेल का, अशी त्यांना शंका. स्प्रेगने रात्री २२ गाड्या ओळीने उभ्या केल्या आणि एकामागोमाग एक सोडल्या. दिवे पार मिणमिणते झाले, पण सगळ्या गाड्या हलल्या. बॉस्टनने वीज घेतली आणि मग गावोगावी ट्राम गेली. १८९० मध्ये एडिसनच्या कंपनीने त्याची कंपनी विकत घेतली आणि हळूहळू त्याचं नावही पुसलं. हे त्याला आयुष्यभर लागलं.

नंतर तो लिफ्टकडे वळला आणि माझ्या वायव्हाचं उत्तर त्याला तिथे सापडलं. अनेक लिफ्ट एका जागेवरून चालवता येतात, तर अनेक डबे का नाही? प्रत्येक डब्याला आपापली मोटर आणि कंट्रोलर, आणि गाडीभर फिरवलेली एक बारीक कंट्रोलची तार. पुढे हँडल फिरलं की सगळे एकदम ऐकतात. जुलै १८९७ मध्ये त्याने ही गाडी चालवून दाखवली तेव्हा हँडलवर त्याचा दहा वर्षांचा मुलगा होता. मग शिकागोच्या उन्नत रेल्वेने ती घेतली. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली, तीही याच तत्त्वावर.

१९३४ मध्ये स्प्रेग गेला, तेव्हा मोटारी ट्रामच्या उरावर बसल्याच होत्या. रिचमंडची ट्राम १९४९ मध्ये बंद झाली, मुंबईची ३१ मार्च १९६४ ला. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गनेही १९६० साली रूळ बंद केले. पण मोटारींनी गुदमरल्यावर त्यांनीच मधला चौक मोटारींना बंद केला आणि १९९४ मध्ये नवी ट्राम आणली. रस्त्याची जागा मोटारीकडून काढून ट्रामला देणं म्हणजे भांडण आलंच. ते त्यांनी अंगावर घेतलं.

परवा सुट्टीला घरी जाताना मी पहिल्या डब्यात चढलो. मोटरमनच्या केबिनचं दार बंद होतं. गाडी हलली तेव्हा मागच्या डब्यांखालचा आवाज ऐकू येतो का ते बघत होतो, पण भजनी मंडळाने टाळ काढले.